लिफ्टमधला फोटो

लिफ्टवाल्याची चाळिशी जवळ आली होती आणि लग्नाचा विषय निघाला की घरातली माणसं हल्ली एकमेकांकडे बघून गप्प बसायची. पूर्वी मागे लागायची, ते बरं होतं. हे गप्प बसणं त्याला जास्त लागायचं. शेवटी भाचीनेच एका सुट्टीच्या दिवशी मनावर घेतलं. मामाच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यात डेटिंग अ‍ॅप टाकून दिलं.

फोटो मागितले तर निघाले दोन. एक कंपनीच्या ओळखपत्रावरचा, त्यात तो नुकताच कुठून तरी पळून आल्यासारखा दिसत होता. दुसरा कुणाच्या तरी लग्नातला. त्यात याचं अर्धं तोंड होतं आणि शेजारच्या माणसाचा अख्खा कान. भाची पोट धरधरून हसली. मग मामाचा उतरलेला चेहरा बघून तिने रीतसर शिकवणी घेतली. उजेड समोरून किंवा बाजूने हवा, डोक्यावरून नको. काळा चष्मा नको. फोन हनुवटीखाली धरायचा नाही. शर्ट इस्त्रीचा हवा. आणि हसायचं, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं तोंड करायचं नाही.

घरी त्याने खूप झटापट केली. खोलीत एकच ट्यूबलाइट, तिच्या उजेडात धडधाकट माणूससुद्धा कावीळ झाल्यासारखा दिसे. मागे वाळत घातलेले कपडे. दात दाखवले की तो खोटा वाटायचा, झाकले की रडवेला. दोन-चार दिवसांत त्याने नाद सोडला असता, पण त्याला एक जागा आठवली. ज्या इमारतींच्या लिफ्टची देखभाल-दुरुस्ती त्याच्याकडे होती, त्यांपैकी एका उंच इमारतीची लिफ्ट. भिंतींना लाकडी रंगाचे पत्रे, मागे डोक्यापासून पायापर्यंत आरसा आणि आरशाच्या दोन्ही बाजूंनी उभे, मऊ पिवळे दिवे. ते दिवे त्यानेच बसवले होते. त्या लिफ्टमध्ये शिरणारं प्रत्येक माणूस चार वर्षांनी तरुण दिसायचं, हे त्याने कितीदा तरी पाहिलं होतं.

त्या इमारतीच्या पुढच्या पाळीला त्याने हत्यारांच्या पिशवीत नवा शर्ट घडी करून नेला. काम मन लावून केलं. दोर तपासले, दरवाज्याच्या खाचा पुसल्या, वंगण घातलं. मग लिफ्ट तळमजल्यावर आणली, बाहेर लटकणारी ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पाटी तशीच राहू दिली आणि आतून दार लावून घेतलं. गणवेश काढून शर्ट चढवला, केसांवरून ओला हात फिरवला आणि स्वतःकडे पाहिलं. गडी बरा दिसत होता. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

एक फोटो झाला, दुसरा झाला. हसू जरा जमू लागलं होतं, तेवढ्यात दारावर कुणीतरी हलकेच टकटक केलं.

“अहो, किती वेळ लागेल?” आवाज म्हाताऱ्याचा होता, दमलेला, पण अदबीचा.

फोन हातात तसाच धरून त्याने आतून सांगितलं, “काम मोठं आहे काका. वेळ लागेल.”

बाहेर काठीचा आवाज झाला आणि लांब गेला. त्याने पुन्हा आरशात पाहिलं. थाप पचली म्हणून ओठांच्या कोपऱ्यात आपोआप हसू आलं, आणि तोच फोटो सगळ्यात झकास आला.

भाचीने तो पाहून मामाला अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. अ‍ॅपवरही चमत्कार झाला. एका बाईने आपण होऊन लिहिलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. लिहायची थोडं, पण दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं आठवून विचारायची. यंत्रांचं काम करतो, एवढंच त्याने सांगितलं होतं. हळूहळू त्याला जेवताना, जिने चढताना, कुठल्या तरी लिफ्टच्या मोटारखोलीत वाकून बसलेला असतानाही तिच्याशी मनातल्या मनात बोलायची सवय लागली. ही गेली तर पुन्हा कुणी येणार नाही, हेही तो ओळखून होता.

भेटायचं ठरलं ते लॅबजवळच्या चहाच्या हॉटेलात. ती फोटोतल्यापेक्षा थकलेली आणि जास्त चांगली दिसत होती. बसल्या बसल्या तिने हसत कबूल केलं की तिने त्याला लिहिलं ते लिफ्टमुळे. आरशाच्या खालच्या कोपऱ्यात टवका उडालेला आहे, तो तिच्या बाबांच्या काठीने. त्यावरून तिने ओळखलं आणि हा आपल्याच इमारतीतला कुणी असेल असं तिला वाटलं.

कामाला आलो होतो, असं तो म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

मग ती लिफ्टबद्दल बोलू लागली. मध्ये एका दुपारी ती बंद होती. बाबा दवाखान्यातून एकटेच परत आले होते. त्यांनी विचारलं तर आतला माणूस म्हणाला, काम मोठं आहे. खाली बसायला जागा नाही, म्हणून ते जिन्याने निघाले. वाटेत पाय थकले, मधल्या वळणावर बसावं लागलं. आणि तिथे, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, त्यांना लघवी आवरली नाही. शेजाऱ्यांच्या सुनेने हात धरून घरी आणलं.

“तेव्हापासून खाली उतरत नाहीत,” ती म्हणाली. “लिफ्ट चालू असली तरी. आता त्या लिफ्टवाल्याचा तरी काय दोष म्हणा. तो बिचारा त्याचं काम करत होता.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसला असता तर निभावून गेलं असतं. ती तर स्वतःच त्याला निर्दोष सोडत होती. त्याने तोंड उघडलं ते काही मोठ्या मनाने नाही. तिचं ते ‘बिचारा’ त्याला सोसवेना.

“काम संपलं होतं,” तो म्हणाला. “लिफ्ट खालीच होती. दारामागे. मी आत होतो.”

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने फोन काढला, त्याचा फोटो उघडला आणि बराच वेळ बघत राहिली. तो इस्त्रीचा शर्ट, तो उजेड, ते हसू. आपलंच थोबाड त्याला बघवेना.

“मी येऊन त्यांची माफी मागतो,” तो कसाबसा म्हणाला.

“नको,” ती म्हणाली. “खरंच मोठं काम होतं असं त्यांना वाटतंय. तेवढं तरी राहू द्या त्यांच्याकडे.”

ती उठून गेली. संध्याकाळपर्यंत तिचं नाव त्याच्या फोनमधून नाहीसं झालं होतं. त्याने अ‍ॅपवरचा तो फोटो काढून ओळखपत्रावरचा लावला. का, म्हणून भाचीने हज्जारदा विचारलं.

त्या इमारतीची पुढची पाळी आली तेव्हा दुसऱ्या कुणाला पाठवा, असं साहेबांना सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण कारण काय देणार? तो गेला. आरशाकडे पाठ करून काम उरकलं, पाटी काढली आणि प्रत्येक मजल्यावर दार नीट उघडतं का ते बघत वर निघाला. एका मजल्यावर दार उघडलं तर समोरच्या घराच्या उंबऱ्यात काठी धरून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. शर्टाला कडक इस्त्री होती.

“झालं का काम?” त्यांनी विचारलं.

आवाज त्याने लगेच ओळखला. “झालं, काका. या ना. मी सोडतो खाली, परत वरही आणतो.”

त्यांनी लिफ्टच्या आत पाहिलं, त्या मऊ पिवळ्या उजेडाकडे, क्षणभर पाऊलही उचलल्यासारखं केलं.

“नको,” ते अदबीने म्हणाले. “तुमचा खोळंबा नको. तुमची कामं मोठी असतात.”

आणि त्यांनी हळूच घराचं दार लावून घेतलं.