दातात धरलेली माळ

सोनं गळ्यात पुढे आलं, पण माळ म्हटलं की मला आधी आठवते ती शिंपल्याच्या मण्यांची. आणि ती आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही.

शाळा सुटून मी घरीच होते तेव्हाची गोष्ट. रसायनीकडे कारखाने उभे राहत होते, आमच्या कळंबच्या अंगाला मात्र भात एके भात. त्या उन्हाळ्यात पुण्याहून एक बाई आमच्याकडे राहायला आल्या. जमिनीतून निघालेल्या जुन्या वस्तूंचा अभ्यास करायच्या. कर्जत स्टेशनावरून बैलगाडीत पत्र्याची ट्रंक घालून आल्या, ओटीवर ती उघडली, तर आत कापसात ठेवलेले पांढरे मणी. जोंधळ्याएवढे.

आई म्हणाली, "एवढ्याश्या दाण्यांना एवढी ट्रंक?"

बाई हसल्या आणि खालीच बसून सांगायला लागल्या. खालापूरकडे डोंगराच्या पायथ्याशी खणताना हे मणी मातीच्या एका ढेकळात सापडले, कमानीसारख्या ओळीत. दोरा कधीच कुजून गेलेला. कुठला मणी ओळीत कुठे होता, ते बाईंनी एकेका पुडीवर लिहून ठेवलं होतं. आता त्यांचे सर म्हणत, हे कुणाच्या कपड्याच्या गळ्यावर शिवलेले मणी. बाई म्हणत, नाही, ही ओवलेली माळ, आणि ती घालून कुणीतरी रोज काम करत होतं. मणी दोऱ्यावर एका तऱ्हेने झिजतो, कापडावर दुसऱ्या. ते दाखवता आलं तरच सर त्यांना तसं लिहू देणार होते. नाहीतर 'शिवलेले मणी' असं छापायचं आणि बाईंनी गप्प बसायचं.

म्हणून त्यांना जुन्या रीतीने केलेली नवी माळ हवी होती, आणि ती घालून शेतात राबणारी कुणीतरी.

"मी घालते," मी म्हणाले. आईने तोंड उघडायच्या आत.

मग काय दिवस गेले ते. पेणकडून सुकट विकायला येणाऱ्या बाईकडून आम्ही शिंपले मागवले. ते फोडायचे, तुकडे दगडावर पाणी घालून घासायचे, गोल करायचे. भोक पाडायला लोखंड चालायचं नाही, जुने मणी लोखंडाच्या आधीच्या काळातले. गारगोटीची टोकदार कपची काडीला बांधायची आणि सुतार गिरमिट फिरवतो तशी दोरीच्या धनुकलीने फिरवायची. शिंपला अर्ध्यात फुटायचा. पुन्हा फुटायचा. पहिला मणी आरपार झाला तेव्हा मी तो डोळ्याला लावून त्यातून आईकडे बघितलं.

"झालं," आई म्हणाली, "आता सासरी सांगू, पोरीला भाकरी येत नाय पण भोकं मस्त पाडते."

अडलं ते बाबांपाशी. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात गंडे, ताईत, मंतरलेले दोरे सगळं बंद. माझ्या गळ्यात माळ बघून त्यांचा चेहराच बदलला. बाईंनी सगळं समजावलं, तेव्हा ते मला म्हणाले, "घाल. पण कुणी इचारलं तर खरं काय ते सांगायचं. लाजायचं नाय, टाळायचं नाय."

त्यामुळे विहिरीवर, बांधावर, कर्जतच्या बाजारात, जो विचारेल त्याला मी शिंपल्यापासून सुरू करून सगळं सांगत सुटले. बायका म्हणायच्या, "हिला नका गं इचारू, घागर भरायची ऱ्हाईल." माझं हे बोलणं तेव्हापासूनचं.

बाई जाताना एवढंच म्हणाल्या, की माळ काढायची नाही, तिला तेल-साबण लावायचा नाही. बाकी रोज जगतेस तशी जग. मी लावणी केली, बेणणी केली, कापणी केली, सगळी त्या माळेसकट.

झोडणी चालू असताना बाई आल्या, आणि बरोबर सरही. चष्मा, काळी छत्री, बोलणं कमी. ओटीवर बाईंनी आपलं भिंगांचं यंत्र मांडलं, माझी माळ सोडवली आणि बघायला लागल्या. भोकांच्या कडा दोऱ्याने घासल्या होत्या, ते त्यांना अपेक्षित होतं. मग मधल्या मण्यांवर आल्या आणि थांबल्या.

"यांना काय केलंस गं तू?"

"काय नाय, बाई."

"बारीक चरे आहेत. वर आणि खाली, दोन्हीकडे. फक्त मधल्याच मण्यांना."

एवढ्या महिन्यांची माळ, आणि ती माझ्याच हातून बिघडली की काय. मला काही म्हणता काही आठवेना. आई सूप घेऊन चालली होती, तिने वाकून माळ बघितली आणि म्हणाली, "दात ते. लावणीला वाकली का माळ लोंबते चिखलात, मग धरते दातात. आमी सगळ्याच धरतो, डोरलं नाय का."

मला हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे मी धरत होते, पण मी धरते हे मला ठाऊक नव्हतं.

बाईंनी लगेच ट्रंकेतून जुन्या मण्यांच्या मधल्या पुड्या काढल्या, एकेक मणी यंत्राखाली ठेवला. मग उठून सरांना जागा दिली. "तेच चरे, सर. वर आणि खाली," त्या म्हणाल्या.

सर खूप वेळ डोळा लावून होते. मग माझ्याकडे वळले. "माळ दातात धर असं तुला बाईंनी सांगितलं होतं?"

"सांगितलं असतं तर धरली नसती," मी म्हणाले.

"खरं हाय," आतून आई म्हणाली. "सांगितलेलं एक ऐकत नाय ती."

सरांना हसू आवरेना. मग चष्मा पुसत ते बाईंना म्हणाले, "उंदराने कुरतडलं असेल, तेही तपासा. दुसऱ्या कुणाला दाखवा. पण माळ म्हणून लिहा. कापडावर शिवलेला मणी कुणी दातात धरत नाही."

बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. "भात नसेलही तेव्हा," त्या म्हणत होत्या, "कंद खणत असेल, मासे धरत असेल. पण वाकली होती गं ती. कामाला वाकली होती."

मी तशीच खळ्यावर पळाले. बायकांनी झोडणी थांबवून ऐकलं, आणि मग एकेकीने गळ्यातलं दातात धरून वाकून बघितलं, भाताचं तूस केसांत घेऊन, आणि दातात डोरलं धरूनच सगळ्या हसत सुटल्या.