साडूंची युरोपातली भावकी

मराठी माणूस परदेशात एकटा पडू नये यासाठी आमच्या साडूंनी जेवढी दगदग केली आहे तेवढी कुठल्याही सरकारी खात्याने केली नसेल, आणि त्यातली निम्मी दगदग माझ्या वाट्याला आली आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. साडू पुण्याजवळच्या मांजरीचे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऊस, कांदा आणि एक ट्रक एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. पुढे रानात बारा-बारा मजली इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या भावकीतल्या बाकीच्यांनी पांढऱ्या गाड्या घेतल्या आणि त्या सावलीत लावून ते आत बसून राहिले. साडूंना बसणं जमत नाही. मुलीचं लग्न उरकल्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी लिथुआनिया नावाच्या देशातल्या एका कंपनीत ट्रक ड्रायव्हरची नोकरी धरली. हा देश नकाशात कुठे आहे हे तिथे जाईपर्यंत त्यांना माहीत नव्हतं, आणि मला अजूनही एका दमात सांगता येणार नाही. तेव्हापासून वर्षातले दहा महिने ते जर्मनी, फ्रान्स, स्पेन असा माल फिरवतात आणि उरलेले दोन महिने मांजरीत येऊन आम्हाला फिरवतात.

या दोन महिन्यांत त्यांच्या शेजारी गाडीत बसणं ही एक शिक्षा आहे. तिकडे राहून त्यांची हॉर्न वाजवायची सवय मोडली. वारज्याच्या पुलाखाली त्यांनी रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघून गाडी थांबवली आणि एका पेन्शनर गृहस्थांना हाताने ‘या, जा’ अशी खूण केली. गृहस्थ जागचे हलेनात. शेवटी खिडकीशी येऊन ते म्हणाले, “गाडी बंद पडली असेल तर ढकलायला माणूस पाहावा लागेल. माझी पाठ दुखते.” शिवाय तिकडचा नियम असा की साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचंच. साडूंनी तो नियम गाडीपुरता ठेवला नाही. लग्नकार्यात, तेराव्याला, बँकेच्या रांगेत, साडेचार तास भरले की ते पाऊण तास आडवे होतात. माझ्या पुतण्याच्या लग्नात अक्षता पडत असताना नवरीकडच्या खोलीत एक मिशाळ गृहस्थ गाढ झोपलेले सापडले, ते आमचेच.

पण त्यांचं खरं वेड वेगळं आहे. जर्मनीत रविवारी ट्रक हाकायला बंदी असते म्हणे. मग मोठ्या रस्त्याकडेच्या तळांवर शे-दीडशे गाड्या रांगेने उभ्या राहतात. बाकीचे ड्रायव्हर झोपतात, कपडे धुतात. साडू खांद्यावर पंचा टाकतात आणि पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत हुंगत जातात. हुंगत हा शब्द त्यांचाच. “जिथनं लसणाच्या फोडणीचा वास येतो तिथं थांबायचं,” ते म्हणतात, “आन् काय पाव्हणं, गाव कोणतं, म्हनून हाळी द्यायची.” या पद्धतीने त्यांना जसे सातारचे आणि संगमनेरचे लोक सापडले तसे पंजाबचे, नेपाळचे आणि श्रीलंकेचेही सापडले. एकदा एकाने हसून चहा पुढे केला. साडू त्याच्याजवळ तासभर बसले, आणि उठताना कळलं की तो तुर्कस्तानचा आहे.

“मग बोललात कुठल्या भाषेत?” मी विचारलं.

“बोललो की,” साडू म्हणाले. “मानूस चांगला हाय. धाकटीचं जमवायचंय त्याला.”

मराठी माणूस सापडला की त्याची सुटका नसते. आधी गाव, मग तालुका, मग मामाचं गाव, मग बायकोचं माहेर. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला काहीतरी नातं निघतंच, कारण निघेपर्यंत साडू थांबत नाहीत. बेल्जियममध्ये भेटलेला एक लातूरचा मुलगा सध्या माझा चुलत भाचा लागतो. कसा, ते मी दोनदा समजून घेतलं आहे आणि दोनदा विसरलो आहे.

इथवर माझी तक्रार नव्हती. मी आयुष्यभर विमा कचेरीत फायली लावल्या, आता निवृत्त आहे, आणि वारज्याच्या आमच्या सोसायटीत एकोणीस वर्षं राहूनही समोरच्यांचं पहिलं नाव मला ठाऊक नाही. दारावर आडनाव आहे, तेवढ्यात भागतं. अशा माणसाला साडूंचा फोन येऊ लागला, “पाव्हणं, हितं एक पोरगं भेटलंय, त्याची आई तुमच्या पुण्यातच असती. जाऊन सांगा, पोरगं झ्याक हाय, दोन भाकरी खातंय.” मी म्हणालो, त्याच्याकडे फोन असेल ना? साडू म्हणाले, “फोनवर पोरगं बरा हाय असंच सांगणार. बघितलेल्या मानसानं सांगितलेलं येगळं.” बघितलं होतं साडूंनी आणि सांगायचं होतं मी, पण हा बारकावा त्यांना मान्य नव्हता. बायको म्हणाली, “अहो, जा की. नाहीतरी घरात बसून पेपरातल्या चुकाच काढता.”

त्यामुळे मी जाऊ लागलो. भोसरीला एका बाईंनी मला जिन्यातच अडवलं आणि “आम्हाला पॉलिसी नको” म्हणून परत पाठवलं. तीस वर्षं विम्यात काढली की ती चेहऱ्यावर उतरत असावीत. पेठेतल्या एका घरी दार साखळीइतकंच उघडलं. मी निरोप सांगितला. आतून आवाज आला, “मुलगा बरा आहे हे आम्हाला माहीत आहे. आणखी काही?” मी म्हणालो, “नाही.” “मग ठीक आहे.” हडपसरला मात्र एका आजोबांनी मला तीन तास बसवून घेतलं, नातवाच्या पहिलीपासूनच्या गुणपत्रिका दाखवल्या आणि निघताना पाया पडायला वाकले. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते. त्या दिवशी घरी येऊन मी पेपर उघडला नाही.

मागच्या वर्षी साडूंनी मला मार्केट यार्डात पाठवलं. फ्रान्समधल्या एका तळावर त्यांना एक पंचविशीतला मुलगा भेटला होता. सगळ्या प्रश्नांची त्याने नीट उत्तरं दिली. ‘वडील काय करतात’ या प्रश्नाला मात्र तो उठून गाडीत जाऊन बसला. साडूंनी गाडीच्या दाराशी उभं राहून अर्धा तास वाट पाहिली आणि उत्तर घेऊनच हलले. वडील मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या बाजूला तोलणार, म्हणजे आलेला माल काट्यावर घालून वजन सांगणारे. आई लहानपणीच गेली. बापलेकांचं दोन वर्षं बोलणं नाही.

मी रविवारी दुपारी गेलो. लिलाव आटोपले होते, गोण्या उचलणं चालू होतं. तोलणार गृहस्थ उंच, सडपातळ, टोपी सरळ घातलेले. मी म्हणालो, “आमच्या साडूंना तुमचा मुलगा फ्रान्समध्ये भेटला.”

“कुणाचा मुलगा?”

“तुमचा.”

“मला इथे कुणी मुलगा नाही,” काट्यावरची नजर न हलवता ते म्हणाले. “एक होता, तो कोल्हापूरला मित्राच्या लग्नाला गेलाय. दोन वर्षं झाली. अजून लग्न लागतंय.”

आणखी एक गोणी काट्यावर चढली, उतरली. मग ते आपणहूनच बोलले. घरी सांगितलं तर बाप जाऊ देणार नाही म्हणून मुलगा खोटं सांगून निघाला होता, आणि फोन केला तो थेट परदेशातून. “स्वारगेटला मीच सोडायला गेलो होतो,” ते म्हणाले. “पुढे जाऊन खिडकीची जागा धरून दिली.”

“त्याच्याशी बोलाल का?”

“नाही.”

मी घरी येऊन साडूंना तसं कळवलं. ते माझ्यावरच रागावले. “बोलाल का, असं इचारत्यात व्हय? त्यावर कुणीबी न्हाईच म्हननार. फुडच्या रविवारी परत जावा. पोराचं नाव काढू नका. नुसता फोन लावून त्यांच्या हातात द्या.”

पुढच्या रविवारी मी त्याच जागी जाऊन फोन लावला आणि “आमचे साडू, पूर्वी इथे कांद्याची गाडी आणायचे” एवढंच म्हणून त्यांच्या हातात दिला. साडूंना चित्र दिसणारा फोन धरता येत नाही. बोलताना ते त्यात तोंड दाखवत नाहीत, समोर येईल ते दाखवतात. त्या दिवशी पडद्यावर दोन ट्रकांच्या मधली जागा, एक लहानसा गॅस आणि उलट्या खोक्यावर कांदा चिरणारे दोन हात दिसत होते. साडूंचा फक्त आवाज. पण आवाज पुरेसा होता. कोणत्या दाराने गाडी आत घ्यायचो, पावसाळ्यात चाक कुठे रुतायचं, चहावाला अजून तोच आहे का, असं सुरू झालं. तोलणार आधी हं-हं करत होते, मग खुलले. चहावाला वारला, त्याचा भाऊ बसतो, चहा पातळ करतो. काटे आता विजेवर चालतात, मान दुखत नाही, पण मजाही नाही. वीस मिनिटं दोघे बोलत होते. बोलताना तोलणारांची नजर पडद्यावरून हलली नाही. खाली कांदा चिरणारे हात मधेच थांबत, पुन्हा चिरू लागत.

साडू एका चढावर गाडी कशी बंद पडली ते सांगत असताना तोलणारांनी त्यांना मधेच थांबवलं.

“त्याला सांगा, बोटं आत घे. कापून घेशील.”

हात थांबले. साडू गप्प झाले, आणि साडू गप्प होणं ही मी लग्नानंतर प्रथमच ऐकलेली गोष्ट होती. पलीकडून बारीक आवाज आला, “हो, अण्णा.”

“मित्राचं लग्न झालं का?”

“झालं.”

“मग पुन्हा फोन करायला काय झालं होतं?”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तोलणारांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि फोन घेऊन ते गोण्यांच्या थप्पीमागे गेले. मी काट्याजवळ उभा राहिलो. एका हमालाने मला बाजूला व्हा म्हणून सांगितलं. फोन परत मिळायला पाऊण तास लागला. आता बापलेक दर रविवारी बोलतात आणि माझी गरज उरलेली नाही, तरी मी महिन्यातून एकदा वारज्याहून कांदे आणायला मार्केट यार्डात जातो. आमच्या गल्लीत कांदे मिळतात, हे बायकोने दोनदा निदर्शनास आणून दिलं आहे.

यंदाच्या सुट्टीत, साडू परत जायच्या आदल्या दुपारी, मी मांजरीला गेलो होतो. ते ओसरीवर बसून काळा मसाला पिशव्यांत भरत होते. सतरा पिशव्या होत्या. एवढा मसाला एका माणसाला कशाला, हे विचारायची सोय नव्हती. मी दुसरंच विचारलं, “हे माणसं शोधायचं खूळ तुम्हाला लागलं कुठून?”

त्यांनी एक पिशवी बांधली. मग म्हणाले, “पयल्या वर्साला चार म्हयने मला मानूस गावला न्हवता. म्हंजी मानसं लई, पन बोलायला कोन न्हाई. गाडीशीच बोलायचो. मग गाडीवरबी चिडायला लागलो. एक दिस स्पेनमधी तळावर उभा व्हतो, भूक व्हती पन करून खावंसं वाटंना. शेजारच्या गाडीतनं एक जन उतरला, माझ्याकडं बघितलं, म्हनला, ‘जेवला का जी?’”

“मग?”

“मग काय. त्यानं वांग्याची भाजी केलती. तिखटजाळ. दोगं जेवलो. मी काय बोललोच न्हाई, नुसता जेवलो. बोलाय गेलो आस्तो तर रडलो आस्तो. सकाळी उठून बगतो तर गाडी गेलेली.” त्यांनी दुसरी पिशवी घेतली. “तिकडचा व्हता, इदर्भातला. त्या ‘जी’वरनं वळखलं. तवापासनं शोधतोय. तुमच्या वारज्यात त्या भागातली मानसं लई आलीत म्हनत्यात. इचारून बगा की कुनाला.”

एरवी मी अशा वेळी काहीतरी तिरकस बोललो असतो. विदर्भ केवढा आहे, हे तरी सांगितलं असतं. मी म्हणालो, “विचारतो.”

आमच्या सोसायटीचा वॉचमन वाशीमकडचा आहे, हे त्यामुळे मला यंदा कळलं. त्याच्या बिनपाठीच्या खुर्चीशेजारी उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. स्पेन, शेजारची गाडी, वांग्याची भाजी, फार तिखट. त्याने मन लावून ऐकून घेतलं. त्याच्या गावचे दोघे ट्रकवर बाहेर गेलेले होते, घरी विचारून सांगतो म्हणाला. खिशातून पेन काढून त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांची वही उघडली.

“नाव काय होतं जी त्यांचं?”

मी म्हणालो, “तेच विचारायचं राहून गेलं.”