टाचेपासून गुडघ्यापर्यंत

यमुना सिस्टरांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लिहा, असं समितीनं सांगितलं तेव्हा मी हात जोडले. मी शहाद्यातला लोखंडी सामानाचा दुकानदार. दुकानाची पाटी रंगवून घेता येते, लेख लिहिणं आपलं काम नव्हे. पण समितीनं ऐकलं नाही. सिस्टरांशी सगळ्यात जास्त भांडलेला माणूस मीच, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा आमच्या पहिल्या ओळखीपासून, म्हणजे पहिल्या भांडणापासूनच सुरुवात करतो.

सरकारी दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सिस्टरांनी लोणखेड्याजवळ थकलेल्या, आजारी, ज्यांचं करायला कुणी नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी निवासी शुश्रूषागृह सुरू केलं. त्याला आता सगळे ‘सिस्टरांचं घर’ म्हणतात. वडिलांच्या स्मरणार्थ मी तिथं वीस खाटा दिल्या. साध्या नव्हेत, मोठ्या दवाखान्यात असतात तशा उंच, पांढऱ्याशुभ्र, सगळ्या एका मापाच्या, आणि प्रत्येकीवर वडिलांच्या नावाची पितळी पट्टी. महिन्याभरानं चार पाहुणे घेऊन मोठ्या ऐटीत त्या दाखवायला गेलो, तर एक खाट दुसरीच्या उंचीची नाही. कुठली गुडघ्याएवढी, कुठली त्याहून खाली, एक तर त्याहूनही बुटकी. सगळ्यांचे पाय कापलेले आणि खाली रबरी बूच बसवलेले. पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत होते.

सिस्टर एका आजींचे केस विंचरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “शेठ, खाटास्ना पाय मी कापी टाकात. ह्या लोके जनमभर भुईवर झोपनात. झोपमा उतरनात तं पाय कोठे टेकतीन?”

मी तणतणलो. निदान विचारायचं तरी, म्हणालो. विचारलं होतं, असं त्यांचं उत्तर, पण ज्यांना झोपायचं त्यांना. मग त्यांनी कपाटातून सुतळीच्या तुकड्यांचा जुडगा काढून दाखवला. प्रत्येक तुकड्याला नावाची चिठ्ठी. एकेका माणसाला बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घ्यायचं आणि त्याची खाट तेवढीच ठेवायची. उठून बसलं की दोन्ही तळवे जमिनीवर आले पाहिजेत, एवढाच त्यांचा हट्ट होता.

हा हट्ट पुस्तकातून आलेला नव्हता. सिस्टरांची बरीचशी नोकरी अक्कलकुव्याला झाली. तिथं डोंगरातले पेशंट यायचे. मणिबेलीकडून होडीनं आणि पुढं जीपनं आणलेले एक आजोबा रोज सकाळी खाटेखाली सापडायचे. सगळ्यांना वाटे, पडतात. सिस्टरांनी बोली समजावायला त्यांच्या नातीला मध्ये घेऊन त्यांनाच विचारलं. आजोबा म्हणाले, वर झोपलं की शेतात माचावर राखणीला बसल्यासारखं वाटतं, राखणीला बसलेल्यानं झोपायचं कसं? त्या दिवशी सिस्टरांनी त्यांचं अंथरूण खाली घातलं आणि ती गोष्ट मनात ठेवली. पुढं वीस खाटा हातात आल्यावर ती बाहेर निघाली.

सिस्टरांचं सगळंच बरोबर असतं, असं लिहिलं तर त्याच मला हसतील. खाटा बुटक्या झाल्या तशा काम करणाऱ्या मुलींच्या कमरा धरल्या. दोघी तर काम सोडून गेल्या. मला भांडायला आयतंच निमित्त मिळालं. पण सिस्टरांनी, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं सगळ्यांदेखत कबूल केलं. एकटीनं कुणी कुणाला उचलायचं नाही, असा नियम केला आणि मुलींना बसून काम करता यावं म्हणून बुटकी स्टुलं करवून घेतली. वेल्डरनं ती कशाची केली, ओळखा. माझ्या खाटांच्या कापलेल्या पायांची.

मग आमच्या बाईंवर वेळ आली. आमच्यात आईला बाई म्हणतात. त्या स्वयंपाकघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आल्यावर मी माझ्याच दुकानातली उंच खाट आणली, दोन्हीकडे कठडे लावले, पहाऱ्याला दोन बायका ठेवल्या. सगळं घर डोळ्यांत तेल घालून होतं. चार महिन्यांत बाई एकदाही पडल्या नाहीत. पण चालणं विसरल्या, पाठीला जखम झाली आणि बोलणं नुसतं हो-नाहीवर आलं. माणसाला सांभाळायचं म्हणजे हलू द्यायचं नाही, अशी आम्हा घरच्यांची समजूत. त्यात प्रेम असतं, पण त्याहून जास्त आपली भीती असते, हे मला फार उशिरा कळलं.

सिस्टर भेटायला आल्या. बाईंशी इकडचं तिकडचं बोलता बोलता त्यांनी पिशवीतून सुतळी काढली आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. सुतळी निघाली म्हणजे बाईंना त्या आपल्या घरी न्यायचं म्हणताहेत, हे मी ओळखलं. बंगला, मुलं, सुना असताना आईला बाहेर ठेवलं म्हटल्यावर बाजारपेठेत तोंड कुठं दाखवायचं? शिवाय डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडल्या तर उठणं कठीण. मी सिस्टरांना विचारलं, तुमच्याकडे पडणार नाहीत ना?

“पडाव नहीत आसं मी सांगस नही,” त्या म्हणाल्या. “पडन्यात तं कमी लागी, इतलंच.”

गोड हमी मी स्वतः दुकानात बसून रोज देतो, त्यामुळं तिची किंमत मला माहीत आहे. ही कोरडी हमी मला खरी वाटली. बाईंना घेऊन गेलो.

दीड महिन्यात त्या काठी टेकत व्हरांड्यापर्यंत जाऊ लागल्या. आणि एका दुपारी फोन आला. सिस्टर स्वतः बोलत होत्या. बाई पडल्या, हाड शाबूत आहे, कोपर खरचटलं आहे, फरशी पुसल्यावर कोरडी झाली की नाही हे बघणं माझं काम होतं, मी बघितलं नाही. एका दमात सांगून टाकलं. मी पोचलो तेव्हा हेच सगळं दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, खाली सिस्टरांचं नाव. त्या फळ्यावर सुविचार नसतो. त्या घरात आज काय चुकलं ते असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं.

मी बाईंना परत न्यायच्या तयारीनं गाडी घेऊन गेलो होतो. बाई आपल्या बुटक्या खाटेवर, दोन्ही पाय भुईला टेकवून, मेथी निवडत बसल्या होत्या. घरी चला, म्हणालो. घरात बाई मारवाडीत बोलत. त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरांनाही कळावं म्हणून अहिराणीत बोलल्या.

“घर मी पडस नही, कारन तुम्ही लोके माले उठूच देतस नही.”

मी बाईंशेजारी बसलो आणि निम्मी मेथी निवडली. गाडी रिकामी परत आली.

बाई त्यानंतर तीन वर्षं चालल्या. गेल्या वर्षी एका सकाळी स्वतःच्या पायांनी व्हरांड्यात जाऊन आल्या, खाटेवर बसल्या आणि बसल्या बसल्याच गेल्या. सगळं आटोपल्यावर सिस्टरांनी त्यांच्या नावाची सुतळी माझ्या हातात ठेवली. तोवर मी स्वतःला आवरून धरलं होतं, मग आवरलं नाही. आता माझ्या दुकानात म्हाताऱ्या माणसासाठी खाट घ्यायला कुणी आलं की मी आधी माप आणायला पाठवतो. गिऱ्हाईक वैतागतं, पण जातं.

या लेखाचं विचारायला मागच्या महिन्यात सिस्टरांकडे गेलो. माझीही सत्तरी जवळ आली आहे. त्यांनी मला बुटक्या स्टुलावर बसवलं, खाली वाकल्या आणि माझं माप घेऊन मोकळ्या झाल्या. माझ्या नावाची चिठ्ठी आता त्या जुडग्यात आहे.

सिस्टर, ती सुतळी आणखी पुष्कळ वर्षं तुम्हाला काढावी लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी खाटेचे पाय तुमच्यासमोरच कापले गेले पाहिजेत. देवानं तुम्हाला तेवढं आयुष्य द्यावं आणि वाकून माप घेण्याइतकी तब्येत ठणठणीत ठेवावी. या वेळी मी भांडणार नाही.