मिठाने मेलेली गांडुळे

लोणच्याची बरणी उघडली की ती गांडुळे आठवतात. ती मी मारली, हे मी सहा वर्षे लपवले. पत्नीने गॅलरीतल्या खताच्या डब्यात साली, ओले कागद घालून ती वाढवली होती. ती सिन्नरला माहेरी गेली असताना बुरशी धरलेले लोणचे मी निष्काळजीपणे त्या डब्यात ओतले. परतल्यावर आंबूस, कुजका दर्प आणि मिठाने मेलेली गांडुळे पाहून तिने कामवाल्या मावशींना धारेवर धरले. “ताई, मी नाय टाकलं. साहेबांना इचारा.” “त्यांना डबा कुठे आहे तेही ठाऊक नाही!” पत्नी उसळली. मी वर्तमानपत्र चाळत राहिलो. मावशींचे काम सुटले. परवा सातपूरला त्यांच्या दारात, पत्नीदेखत मी हात जोडले, “मावशी, लोणचं मी टाकलं होतं. तुम्ही खरं बोलत होतात. मला माफ करा.”