तळहातावर मावेल एवढा बुद्ध

परदेशात राहणाऱ्या बाईचा स्वतःच्या बॅगेवर हक्क नसतो, हे मला ओमानमध्ये आल्यावर दोन वर्षांत कळलं. सुट्टीवर नाशिकला जाताना बॅग भरायची ती तिकडच्यांच्या यादीप्रमाणे. परत येताना ती सासूबाई भरणार. बॅग भरण्यात आमच्या सासूबाईंचा हात कुणी धरणार नाही. तीस किलो म्हणजे तीस किलो, वर शंभर ग्रॅमसुद्धा नाही. भाजणी कुठल्या कोपऱ्यात, लोणच्याची बरणी कुठल्या टॉवेलात, सगळं ठरलेलं. मस्कतमध्ये कुणाला काय द्यायचं तेही त्याच ठरवणार. त्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा देण्याघेण्यातल्या वस्तूंचा. कुणीच नेसणार नाही अशा साड्या, कुणाच्या तरी वास्तुशांतीत मिळालेले वाट्यांचे सेट, मुंजीत मिळालेले पितळी गणपती. या वस्तू वापरायच्या नसतात, पुढे ढकलायच्या असतात.

"तुझ्या त्या थाई बायकांना यातलंच काहीतरी ने," त्या दरवर्षी म्हणायच्या. "त्यांना काय कळतंय!"

आणि मी नेलं. लागोपाठ दोन वर्षं नेलं. मला राग फार येतो असं सगळे म्हणतात, पण जेव्हा यायला हवा तेव्हा तो नेमका येत नाही.

त्या थाई बायका म्हणजे माझ्या मैत्रिणी. मी मस्कतच्या अल हैल भागातल्या एका छोट्या दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायचे. त्याच इमारतीत तळमजल्यावर बायकांचं एक सलून होतं आणि तिथे त्या दोघी कामाला होत्या. एक माझ्याहून मोठी, पन्नाशीला आलेली. दुसरी तिशीची. मी मनात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे. दुपारी एक ते साडेचार सगळं अल हैल बंद असायचं. घर लांब, बाहेर ऊन मरणाचं, म्हणून आम्ही तिघी लॅबच्या मागच्या खोलीत डबे उघडून बसायचो. त्यांना माझा मिरचीचा ठेचा इतका आवडला की धाकटी तो नुसत्या भाताला लावून खायची. त्यांचं कच्च्या पपईचं सॅलड खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा दोघी टाळ्या वाजवून हसल्या होत्या.

एका वर्षी माझा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, केस विंचरता येईनात. आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले, काही फरक नाही. थोरलीने मात्र रोज दुपारी स्वतःचा डबा अर्धा टाकून माझा खांदा चोळला. चार महिने. काही द्यायला गेलं की हात मागे घ्यायची आणि म्हणायची, "माय पेन राय." म्हणजे असू दे, काही नाही. खांदा सुटला त्या दिवशी मी भिंतीवरच्या घड्याळापर्यंत हात नेऊन दाखवला, तर माझ्याआधी तीच रडायला लागली.

हिच्याबद्दल आमच्या मराठी लोकांच्या जेवणावळीत काय बोललं जायचं? नवऱ्याचा एक मित्र, चांगला शिकलेला इंजिनिअर, मला म्हणाला, "वहिनी, थाई मसाज का? आमचाही नंबर लावा की." सगळे हसले. माझा नवराही हसला. मी हातातली श्रीखंडाची वाटी टेबलावर इतक्या जोरात ठेवली की श्रीखंड त्या मित्राच्या शर्टावर उडालं. घरी येताना नवरा म्हणाला, "गंमत कळत नाही तुला." मी म्हटलं, "कळते. म्हणूनच वाटी डोक्यात घातली नाही."

थोरली एकदा आमच्या घरी आली होती. दारातच चपलांचं कपाट, आणि त्यावर आम्ही बँकॉकच्या सहलीतून आणलेलं बुद्धाचं डोकं. नुसतं डोकं, चॉकलेटी, डोळे मिटलेलं. त्याच्याशेजारी किल्ल्यांची वाटी. ती आत आली, थबकली, आणि मी पाणी आणेपर्यंत तिने ते डोकं दोन्ही हातांनी उचलून पुस्तकांच्या कपाटावर सगळ्यात वर ठेवलं होतं. मला राग आला. दुसऱ्याच्या घरातलं सामान हलवायचं? पुढे एका शुक्रवारी ती माझ्याबरोबर मस्कतमधल्याच दार्सैतच्या कृष्ण मंदिरात आली. तिथे तिने एकेका देवासमोर गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवलं. मग मला त्या चपलांच्या कपाटाची लाज वाटली.

२०१४ साल असेल. सुट्टीवर निघायच्या आधी मी नेहमीसारखं विचारलं, "काय आणू?" आणि नेहमी माय पेन राय म्हणणाऱ्या थोरलीने पहिल्यांदाच तळहात पुढे केला.

"बुद्धा. स्मॉल. लाइक धिस."

ती नोकरी सोडून कायमची घरी निघाली होती. गावाकडे तिची आई अंथरुणाला खिळली होती आणि आता फार दिवस काढणार नव्हती. आयुष्यभर त्या म्हातारीची एकच इच्छा, बुद्धाला जिथे ज्ञान झालं, जिथे तो हिंडला त्या मुलखात एकदा जायचं. आता ती जाणार नव्हती. निदान तिथली एक मूर्ती उशाशी असावी.

"यू इंडिया," थोरली म्हणाली. "बुद्धा इंडिया. इझी फॉर यू."

मी म्हटलं, "व्हेरी इझी."

नाशिकच्या भांडीबाजारात मी चार दुकानं फिरले. बाळकृष्ण होते, अन्नपूर्णा होत्या, दत्त, मारुती, अंगठ्याएवढ्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत गणपती. "बुद्ध आहे का?" म्हटल्यावर पहिल्या दुकानदाराने कारंज्यात बसलेला, पोटात दिवा लागणारा बुद्ध दाखवला. "हॉलमध्ये छान दिसतो." दुसऱ्याने विचारलं, "लाफिंग का?" चौथ्याला मी स्पष्ट सांगितलं, पूजेचा हवाय. त्याने माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं, मग हात हवेत लांबवर उडवून म्हणाला, "ताई, तो तिकडे मिळेल. त्यांच्याकडे."

तिकडे कुठे आणि त्यांच्याकडे म्हणजे कुणाकडे, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या महाराष्ट्रात बुद्ध म्हटलं की आधी जात आठवते. मलाही आठवली, खोटं कशाला बोलू? त्या गावात माझं बालपण गेलं, लग्न झालं, पण निळ्या झेंड्यांच्या त्या वस्तीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पांडवलेण्यांवर शाळेच्या सहली गेल्या, पण ती लेणी बौद्ध भिक्खूंची, हे आम्हाला कुणी धड सांगितलं नाही. पांडव राहिले होते म्हणे. जिथे जिथे तो होता तिथून आम्ही त्याला हुसकावला होता, आणि मी ओमानात बसून व्हेरी इझी म्हणून मोकळी झाले होते.

शेवटी लेण्यांच्या पायथ्याशी एका बाईच्या टपरीवर मिळाला. पितळेचा, ध्यानाला बसलेला, बरोबर तळहातावर मावेल एवढा. बाईने तो पुसला आणि सहज विचारलं, "घरात ठेवायला का ताई?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "भेट द्यायचाय एकीला, परदेशात."

दोनदा नाही म्हणायची काय गरज होती? एकदा पुरलं असतं. बाईने वर पाहिलं, मग तो निळ्या कापडात गुंडाळला. "बॅगेत खाली ठेवू नका," एवढंच म्हणाली. "चपलांपाशी नको."

घरी सासूबाईंनी पुडकं सोडून पाहिलं.

"हे देवघरापाशी नको हं."

"आई, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. आणि हॉलमध्ये एवढा मोठा बुद्ध आहेच की आपल्या." खरंच होता. टीव्हीशेजारी, पांढराशुभ्र, दिराने शोरूममधून आणलेला.

"तो शोपीस आहे गं. हा पूजेतला दिसतो."

याच्यावर मी काय केलं? आकांडतांडव करायला हवं होतं. मी पुडकं उचललं आणि बॅगेत सगळ्यात वर, माझ्या साडीच्या घडीत ठेवलं. म्हटलं, उद्या जायचंच आहे, कशाला वाद! सकाळी सासूबाईंनी बॅग पुन्हा वजनकाट्यावर चढवली, भाजणी थोडी कमी केली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मी मस्कतला उतरले त्याच दिवशी संध्याकाळी थोरलीचं विमान होतं. घरी जाऊन बॅग उघडली, साडीतून निळं पुडकं काढलं आणि तशीच सलूनवर गेले. तिचं सामान बांधून दाराशी ठेवलेलं. धाकटी रडून डोळे सुजवून बसलेली. मी पुडकं पुढे केलं. थोरलीने आधी हात धुतले, मग दोन्ही हातांत ते घेऊन कपाळाला लावलं, आणि अगदी हळू कापड सोडलं.

आत गणपती होता. वजन तेवढंच, उंची तेवढीच. पाठीवर कुणा बटूचं नाव आणि मुंजीची तारीख कोरलेली.

तिने गणपतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या नजरेत, तिला वाटलं आत अजून काहीतरी असेल. तिने कापड झटकून पाहिलं.

"बुद्धा?"

मला एका क्षणात सगळं कळलं. खालचा कप्पा, निळं कापड, वजनकाटा. कानशिलं तापली. ही बाई गुडघ्यांवर बसून आमच्या कृष्णाला डोकं टेकवून आली होती. तिला मी काय सांगणार होते? की तुझा देव माझ्या घरात एक रात्र राहू शकत नाही? का राहू शकत नाही, ते कुठल्या इंग्रजीत सांगणार होते?

"शॉप क्लोज्ड," मी म्हटलं.

ती हसली. "माय पेन राय," म्हणाली. गणपतीला तिने कपाळाशी नेलं, पुन्हा कापडात गुंडाळलं, आणि सामानात न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत ठेवलं. मग माझा उजवा खांदा नेहमीच्या जागी दाबून पाहिला, ठीक आहे ना म्हणून.

घरी येऊन मी नाशिकला फोन लावला. आयुष्यात सासूबाईंवर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. त्या शांत होत्या.

"अगं, गणपती दिला की झालं. कुणालाही चालतो. आणि ते तुझं काही फेकलं नाही मी. आपल्या भांड्याच्या बाईला दिलं. त्यांच्यात चालतं. किती खूश झाली ती!"

"ते माझं होतं, आई. मरणाऱ्या बाईसाठी होतं."

"मग मरणाऱ्या बाईला गणपतीचंच दर्शन चांगलं."

नवरा शेजारून म्हणाला, "जाऊ दे ना आता. आईचं वय बघ." मी फोन त्याच्या मांडीवर टाकला. त्या आठवड्यात आमच्या घरात मी कुणाशी धड बोलले नाही. नवऱ्यावर ओरडले, त्याच्या त्या श्रीखंडवाल्या मित्राला जेवायला बोलवायला साफ नकार दिला. परत मागायचा तरी कुणाकडे? भांड्याच्या बाईने म्हणे तो घरात मांडला होता, त्याच्यापुढे दिवा लावत होती. आम्हा सगळ्यांत त्याला त्याची जागा देणारी ती एकटीच.

दोन-अडीच महिन्यांनी धाकटीने तिच्या फोनवर आलेला एक फोटो मला दाखवला. थोरलीची आई गेली होती. फोटो त्याच्या दोन दिवस आधीचा. लाकडी घर, मच्छरदाणी वर बांधलेली, अंथरुणात एक इवलीशी म्हातारी. उशापाशी उंचावर, पांढऱ्या कापडावर आमचा गणपती. गळ्यात ताज्या फुलांची माळ, पुढे उदबत्ती, पाण्याचा पेला. म्हातारीचे हात त्याच्या दिशेने जोडलेले.

मी तो फोटो मागून घेतला. पुढच्या सुट्टीत नाशिकला नेला. वर्षभर राग जपला होता, शब्द न शब्द ठरवून ठेवला होता. हॉलमध्ये त्या पांढऱ्या शोपीससमोर बसून सासूबाईंच्या हातात फोन दिला. त्यांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला, आणि त्यांचा चेहरा उजळला. फोनलाच हात जोडून म्हणाल्या, "बघ. मी म्हटलं नव्हतं? कुणालाही चालतो."

मी तोंड उघडलं. ठरवलेलं सगळं जिभेवर होतं. आणि मला आठवलं, शॉप क्लोज्ड म्हणताना ही जीभ एकदाही अडखळली नव्हती.