रूपा साळवेनं झांबियात घातलेले टाके

चितेगावच्या रूपा साळवेला जनावराचं भय कसं ते ठाऊक नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा करून ती शहागंजातल्या एका दवाखान्यात लागली. सात वर्षांत तिनं म्हशी, शेळ्या, पतंगाच्या मांजात पंख कापलेल्या घारी, कुणाकुणाला टाके घातले. एका खोंडानं तिची बरगडी मोडली, तरी पंधरवड्यात ती परत कामावर हजर.

दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या ओळखीनं झांबियातल्या एका संस्थेचं बोलावणं आलं. तिथल्या जंगलात चोरटे शिकारी तारेचे फास लावायचे. फासात अडकलेल्या जनावरांवर उपचार करायला सहा महिने स्वयंसेवक हवे होते.

आई लीलाबाई ऐकताक्षणी उखडली. "आपल्याकडली जनावरं सरली का गं? तिकडं जाऊन कुणाला पट्ट्या बांधतीस?"

वडील, सांडू, एका कंपनीत वॉचमन होते. ते म्हणाले, "जाऊ दे तिला. मला कुणी बोलावलं नाय, नायतर मीबी गेलो असतो."

रूपा झांबियाला पोचली. तिथल्या फास काढणाऱ्या पथकाचा म्होरक्या होता पन्नाशीचा बांडा. नाव ऐकून रूपाला हसू फुटलं. तिच्या आजोळी बांडा नावाचा बैल होता. मोडक्या इंग्रजीत तिनं ते सांगितलं, तर तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. तेव्हापासून ती त्याला मामा म्हणू लागली.

पण हसण्यासारखं तिथं फार नव्हतं. अर्धी सोंड तुटलेलं हत्तीचं पिल्लू तिनं पाहिलं. एका तरसाच्या गळ्यात तार इतकी रुतलेली, की वरून कातडी धरली होती. एका रानकुत्रीनं तर स्वतःचा पाय कुरतडून सुटका करून घेतली होती. रूपा काम करत राहिली. राग मात्र आत साचत गेला.

ऑक्टोबरात एके सकाळी झेब्र्याची मादी फासात सापडली. मागच्या पायाचं हाड उघडं पडलं होतं. भूल दिल्यावर ती आडवी झाली. बंदूकवाला पहारेकरी आणि ड्रायव्हर जीप आणायला मागं गेले. बांडामामानं झेब्र्याच्या डोळ्यांवर चादर टाकली. तार कापायची हातभर लांब लोखंडी कातर घेऊन रूपा खाली वाकली.

तेवढ्यात गवतातून तिघं चोरटे शिकारी आले. एक शब्द न बोलता पहिल्यानं कुऱ्हाड हाणली. बांडामामाचा खांदा फाटला, हाड दिसलं. दुसऱ्या घावासाठी कुऱ्हाड वर गेली, तोच रूपानं कातर दोन्ही हातांनी फिरवली. ती त्या माणसाच्या गुडघ्यावर बसली. तो कोसळला, कुऱ्हाड लांब पडली. मागून दुसऱ्यानं तिला केस धरून फरफटत नेलं, सुऱ्यानं तिचा दंड चिरला. इतक्यात परतलेल्या पहारेकऱ्याच्या बंदुकीचा बार झाला आणि बाकीचे दोघे पळाले. पळता पळता एकानं झेब्र्याच्या मानेवर घाव घालून तिला संपवलं.

पडलेला माणूस तिथंच राहिला. रूपा उठली आणि त्याच्यावर तुटून पडली. कातरीनं हातावर मारलं, बोटं मोडली. तोंडावर मारलं. किती वेळा, ते तिला कधीच आठवलं नाही. रक्तात लोळणाऱ्या बांडामामानं सरपटत येऊन तिचा पाय धरला. "रूपा, बस! बस कर!"

दवाखाना तीन तासांच्या वाटेवर होता. जनावरांना घालायच्या दोऱ्यानंच तिनं मामाच्या खांद्याला टाके घातले. मग ती त्या माणसाकडं वळली.

पहारेकरी म्हणाला, "मरू दे त्याला."

तिनं ऐकलं नाही. त्याचं नाव फिरी, हे मागून कळलं. त्याचा एक डोळा गेलाच होता. त्यानं पाणी मागितलं, तिनं बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो प्याला आणि रक्ताची चूळ तिच्या तोंडावर थुंकला. तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि राहिलेले टाके घातले.

सहा महिने पुरे करून ती घरी आली. वस्तीतल्या बुद्धविहारात सत्कार ठेवला होता. शाल घालून कुणी म्हणालं, "आपली वाघीण!" टाळ्या पडल्या. रूपानं माइक घेतला.

"मामाला वाचवायला मी पहिला घाव घातला, त्याचं मला काय वाटत नाय. पण तो पडल्यावर जे घातले, ते रागानं घातले. त्याचा डोळा माझ्या हातानं गेला. 'पाणातिपाता वेरमणी', जीवहिंसा करणार नाय, असं लहानपणापासून म्हणते मी. वाघीण म्हणू नका मला."

घरी जाताना सांडू म्हणाले, "चारचौघांत सांगायची काय गरज व्हती?"

"मग कुठं सांगू, बाबा?"

सांडूंनी तिच्या हातातली शाल आपल्याकडं घेतली. मग म्हणाले, "पुन्हा बोलावलं तर जाशील?"

"व्हय."

पुढच्या वर्षी ती पुन्हा झांबियाला गेली. मामाचा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. तो छावणीत बसून नव्या पोरांना फास ओळखायला शिकवायचा. फिरी तुरुंगात होता. रूपा त्याला भेटायला गेली, पण त्यानं निरोप पाठवला: तिचं तोंड बघायचं नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं, असं तिला वाटलं. ती परत फिरली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पथकाबरोबर फास काढायला गेली.