गालानं मोजलेलं पाणी

सकाळी आठ वाजता, रिकाम्या बागेच्या ऐन मध्यावर, त्रेसष्ट वर्षांची एक बाई गुडघ्यांवर चालताना दिसली तर येणारा-जाणारा थांबणारच. फिरायला आलेले एक गृहस्थ कुंपणाशी थबकले.

“काही हरवलंय का हो?”

“माझी उंची,” बाई म्हणाली. “तीन फुटांवरून जग कसं दिसतं ते बघतेय. इथून तुमचा चेहरा नाही दिसत, नुसतं पोट दिसतं.”

गृहस्थांनी पोट आत घेतलं आणि काढता पाय घेतला.

ती नळआत्या. हे नाव तिच्या भाचीनं, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीनं, तीन वर्षांची असताना ठेवलं. इतर मुलांच्या आत्या पिशवीतून खाऊ काढत. हिची आत्या नळ काढायची. पुढे ते नाव घरातून गल्लीत गेलं, गल्लीतून कचेरीत गेलं, आणि आता तर पत्रंसुद्धा त्याच नावानं येतात.

नळआत्या मुलांसाठी पाण्याची अंगणं आखते. भाची नकाशावर ‘स्प्लॅश पार्क’ असं लिहिते. आत्या अंगणच म्हणते. पाय न घसरणारी फरशी, फरशीत लपवलेल्या तोट्या, तोट्यांतून उसळणारं पाणी. ते कुठेही साचत नाही. पडलं की उतारानं जाळीत, जाळीतून जमिनीखालच्या टाकीत, आणि तिथून गाळून-सवरून पुन्हा वर. एखादा नट विंगेत जाऊन तोंड पुसून परत रंगमंचावर यावा तसं. बुडायला घोटाभर पाणी नाही, भिजायला मात्र उदंड.

तिच्या वडिलांचं पाइप आणि नळांचं दुकान होतं. अक्षरं ओळखायच्या आधी पोरीला पाइपांचे आटे ओळखता यायचे, असं वडील सांगत; अर्थात अतिशयोक्तीच्या बाबतीत वडिलांनी कधी हात आखडता घेतला नाही. पाणी खेळवायची विद्या ती दुकानातच शिकली आणि पंचविशीत तिनं पहिलं कारंजं बांधलं, एका बँकेच्या दारात. तीन मजली, दिव्यांचं, अगदी राजेशाही. उद्घाटनाच्या दिवशी एका चिमुरड्यानं पाण्याकडे हात केला आणि पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली. पोरानं हात मागे घेऊन चक्क पाठीमागे लपवला. टाळ्या वाजत होत्या, आणि आत्याला त्यांतली एकही ऐकू येत नव्हती. आपल्या पाण्यानं एका लेकराला चोर केलं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं की ज्याला हात लावता येत नाही असं पाणी आपण बांधायचं नाही.

मग मुलाच्या अंगाला लागणारं पाणी किती जोराचं असावं, हा प्रश्न आला. पुस्तकात आकडे होते. आकडे मोठ्यांनी लिहिलेले. आत्यानं साधा उपाय काढला. प्रत्येक तोटीपाशी पालथं पडायचं, गाल लावायचा आणि मिस्त्रींना सांगायचं, सोडा पाणी. गालानं दिलेल्या निकालाच्या पाच पायऱ्या तिच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेल्या आहेत: फुंकर, पापा, टपली, चापट, थोबाडीत. पाच वर्षांखालच्या मुलांना टपलीच्या पुढे जायचं नाही, हा कायदा.

भाची आता बत्तीस वर्षांची आहे आणि आत्याचे नकाशे संगणकावर काढते. या वहीपायी तिचं डोकं उठतं.

“आत्या, पापा म्हणजे मिनिटाला किती लिटर?”

“घेणाऱ्यावर आहे.”

“मी हे नकाशात कसं लिहू?”

“तू आकडा लिही गं. पण लिहिण्याआधी गाल लाव.”

या कामातले तिसरे म्हणजे मिस्त्री. तीस वर्षांची साथ, बोलणं मोजकं. त्यांना एखादी गोष्ट आवडली तर ते “बघू” म्हणतात आणि नाही आवडली तर “बघा” म्हणतात. आत्याला त्यातला फरक कळतो, बाकी कुणाला कळत नाही.

ही बाग आत्याचं शेवटचं काम होती. तसं तिनंच जाहीर केलं होतं, कारण गुडघे आता चालताना तिच्याआधी बोलू लागले होते. आणि नेमकी इथेच ठिणगी पडली. गावातल्या बागा ज्यांच्या हाताखाली होत्या, ते साहेब पाहणीला आले, गुडघाभर उंचीचे मऊ फवारे बघून म्हणाले, “बाई, हे पाणी आहे की शिंक?”

“पापा आहे, साहेब.”

“काय?”

“काही नाही. मऊ ठेवलंय म्हटलं.”

“मऊ काय करायचंय? रस्त्यावरून दिसलं पाहिजे. मधोमध वीस फुटी धार उडवा. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबल्या पाहिजेत.”

“गाड्या थांबवायला सिग्नल आहे की पुढे,” आत्या म्हणाली.

साहेब हसले, पण मागे हटले नाहीत. दोन दिवसांत एक भला मोठा पंप लाकडी पेटीत बसून फाटकाशी येऊन दाखल झाला. शनिवारी बालवाडीची मुलं आणून चाचणी घ्यायची असं ठरलं. मुलं रमली आणि साहेबांच्या मनात भरलं, तर अंगण आहे तसं राहणार. नाही तर सोमवारी पेटी फुटणार.

आत्याची झोप उडाली. वीस फुटी धार काय करते हे तिला ठाऊक होतं. चौदा वर्षांपूर्वी, कुणाच्या तरी आग्रहाला बळी पडून, तिनं तशी एक बसवली होती. मोठी मुलं तिच्यावर तुटून पडली आणि लहानगी आईच्या पायाला बिलगून कडेला उभी राहिली. उन्हाळाभर कडेलाच उभी राहिली. त्या रस्त्यानं जायची वेळ आली तर आत्या आजही लांबचा वळसा घालते.

शनिवार उजाडला. ऊन चांगलं तापलं होतं. बालवाडीच्या बाई एकवीस मुलांची साखळी घेऊन आल्या. साहेब छत्रीखाली खुर्चीत बसले. मिस्त्रींनी पाणी सोडलं, आणि जुन्या झाडाभोवतीच्या गोलातल्या आठ तोट्यांतून दुधाच्या फेसासारखे पांढरे, हवा मिसळलेले आठ फवारे गुडघाभर वर आले.

मुलं बघत उभी राहिली. साखळी काही सुटेना.

पडदा वर गेलाय, दिवे लागलेत आणि एंट्री घेणारा आलाच नाही, अशा वेळी एकेक क्षण कसा लांबतो, ते भोगलेल्यालाच कळतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“आत्या, तू आधी जा ना,” भाची पुटपुटली. “तुला बघून येतील.”

“छे. मोठ्यानं दाखवलं की त्याची शिकवणी होते.”

इतक्यात पिवळ्या फ्रॉकमधली, नाक वाहणारी एक मुलगी साखळीतून हात सोडवून निघाली. ती नाचली नाही, किंचाळली नाही. सरळ एका फवाऱ्यापाशी गेली, वळली आणि त्यावर बसली. जेवायला पाटावर बसावं तशी, ऐसपैस.

फवारा गुडूप झाला. आणि उरलेले सात वीतभर उंच झाले.

आत्याचे कान टवकारले. पाण्याचा आवाज बदलला होता. तिनं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री तिच्याचकडे पाहत होते.

एरवी प्रत्येक तोटीला पाणी आवरणारी तिची स्वतंत्र चावी असते. इथे झाडाची मुळं वाचवायची म्हणून आठही तोट्या एकाच पाइपवर घेतल्या होत्या. आत्यानं आठही ठिकाणी गाल लावला होता, आठही ठिकाणी पापा मिळाला होता. पण एक तोंड दाबलं तर ते पाणी उरलेल्या तोंडांतून जोर करणार, हे नळवाल्याच्या मुलीला सुचलं नव्हतं. मोठा माणूस फवारा बघतो, फार तर हात लावतो. त्यावर बसतं ते मूल. सबंध बाग गुडघ्यांवर फिरून पाहिलेल्या बाईनं एकदा बूड टेकून पाहिलं नव्हतं.

मुलांना मात्र सगळं शास्त्र दोन मिनिटांत कळलं.

“ए, मी बसले की तुझं वाढतं!”

“ऊठ बरं. आता बस. आता ऊठ!”

“तू पण बस तिकडं. अरे तिकडं नाही, भोकावर!”

साखळी कधी तुटली ते बालवाडीच्या बाईंनाही कळलं नाही. सात फवाऱ्यांवर सात मुलं बसली, आणि आठवा सर्रकन वर चढला. बाईंच्या डोक्यावरून, साहेबांच्या छत्रीवरून, थेट झाडाच्या खालच्या फांदीपर्यंत. रस्त्यावर एक सायकलवाला पाय टेकून थांबला. त्याच्यामागे एक टेम्पो थांबला.

साहेब खुर्चीतून उठले. “वा वा वा. हे लपवून ठेवलं होतंत होय? मग त्या पंपाची गरजच काय? हेच ठेवा. अस्सं पाहिजे.”

भाचीनं आत्याचा हात दाबला. मिस्त्री, जे कधी आपणहून बोलत नाहीत, ते कानाशी येऊन म्हणाले, “आत्या, आता गप्प राहा. जिंकलोय आपण.”

आत्या गप्प राहिलीही. दोन श्वास. तेवढ्यात एक बुटका मुलगा डोळे मिटून, चेहरा पुढे करून, त्या आठव्या धारेवर वाकायला निघाला.

“मिस्त्री, बंद करा.”

पाणी बसलं. एकवीस चेहरे तिच्याकडे वळले, आणि बाविसावा साहेबांचा.

“काय झालं बाई?”

“साहेब, हे मी केलेलं नाही. हे झालंय. माझी चूक आहे,” आत्या म्हणाली. “आणि याला मी गाल लावलेला नाही.”

तिनं चप्पल काढली, पदर खोचला, मुलांना सांगितलं, “सात जणं जाग्यावर बसा. कुणी हलायचं नाही,” आणि आठव्या तोटीपाशी पालथी पडली. मिस्त्रींनी नाइलाजानं पाणी सोडलं.

चष्मा तीन हात लांब जाऊन पडला. मुलं खदखदून हसली.

“थोबाडीत,” आत्यानं निकाल दिला. “मिस्त्री, टाकीकडं परत जाणाऱ्या पाइपची चावी पाव फेरा उघडा. जास्तीचं पाणी तिकडून जाऊ दे.”

पुन्हा पाणी.

“अजून थोबाडीतच. पण जरा ओळख ठेवून.”

आणखी पाव फेरा.

“चापट.”

“आजी, आता दुसरा गाल लावा,” पिवळा फ्रॉक बसल्या जागेवरून म्हणाला. “हा लाल झाला.”

“लावते बाई. सोडा हो मिस्त्री.”

चौथ्या वेळी आत्या क्षणभर तशीच पडून राहिली. मग म्हणाली, “टपली. लिही गं.” भाचीनं लिहिलं; आकडाही लिहिला आणि पुढे टपलीसुद्धा लिहिलं.

पण धार आता साहेबांच्या खांद्यापर्यंतच येत होती. सायकलवाला निघून गेला. टेम्पोही गेला. साहेबांनी एकदा धारेकडे पाहिलं, एकदा फाटकाशी ठेवलेल्या पेटीकडे.

“म्हणजे सात मुलं बसल्याशिवाय एवढंही होत नाही,” ते म्हणाले.

“नाही होत.”

“आणि तो पंप बसवला तर?”

“तर कुणी न बसताच वीस फूट जाईल,” आत्या उठून बसत म्हणाली. “मग कुणाला बसायची गरज राहणार नाही. लहानगी कडेला जातील. मी तसं एकदा करून बसलेय, साहेब. बघायचं असेल तर पत्ता देते, पण मला न्यायचं नाही तिथं.”

छत्री मिटून साहेब फाटकाबाहेर गेले आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. आत्याला तिथून त्यांची पाठ दिसत होती, मग बाजू, मग तोंड. मध्येच बाबागाडी ढकलणारी एक आई त्यांच्यापाशी थांबली, काहीतरी विचारून त्यांनी दाखवलेल्या दिशेला वळली. मग एक आजोबा, दोन नातवंडं घेऊन.

साहेब परत आले तेव्हा ती मंडळी त्यांच्या मागोमाग आत शिरत होती.

“दिसत काही नाही तिथून,” साहेब म्हणाले.

आत्यानं मान हलवली.

“पण मुलांचं हसणं पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येतं. ती बाई मला विचारत होती, आत जायची वाट कुठून आहे.” त्यांनी पेटीवर छत्रीनं टकटक केलं. “हा पंप रोपवाटिकेला पाठवतो. तिथं वरच्या वाफ्यांना पाणी चढत नाही म्हणून बोंब आहेच. अंगण आहे तसं राहू दे.”

“बघू,” मिस्त्री म्हणाले, आणि आत्याला हसू आलं.

तिकडे गोलात मात्र गोंधळ उडाला होता. सातातला एक जण केस पुसायला बालवाडीच्या बाईंकडे पळाला होता, त्याची जागा रिकामी पडली होती आणि आठवी धार पार ढेपाळली होती.

“मोठी माणसं चालतात का?” कुणीतरी विचारलं.

यावर मुलांची थोडी खलबतं झाली. पिवळ्या फ्रॉकनं निर्णय दिला, “चालतात. पण मध्येच उठायचं नाही. आणि बसलं तर मग पाळी मिळते.”

आत्या गेली आणि रिकाम्या तोटीवर बसली. धार पुन्हा खांद्याएवढी झाली. एकेक मूल धारेखाली जाऊन टपली खाऊन येत होतं, उठलेल्याच्या जागी दुसरं बसत होतं.

बऱ्याच वेळानं भाची कोरडा टॉवेल घेऊन आली. “आत्या, चल. साहेब चहाला थांबलेत. उठायला हात देऊ का?”

“त्यांना म्हणावं तुम्ही घ्या,” आत्या म्हणाली. “माझ्याआधी अजून चौघं आहेत.”